खड्ड्यात रोज एक बादली पाणी

आमचं घर मूळचं राहात्याचं आणि घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. आजोबा कचेरीत, वडील शाळेत, दोन्ही काका पुन्हा कचेरीत. पकड आणि टेस्टर हातात धरणारा मी पहिलाच, आणि त्याचं घरात कुणाला फार कौतुक नव्हतं. ‘आमचा धाकटा तारांचं काहीतरी करतो,’ असं आई शेजारणींना सांगायची. पण घरचं वळण सुटत नाही. सार्वजनिक इमारतींमधली वीज बघणाऱ्या खात्यात चिकटलो तरी माझी खरी हुशारी पकडीत नव्हती, लेखणीत होती. रिपोर्ट असा लिहायचो की कुठूनही धरायला गेलं तरी हाताला लागू नये. ‘याच्या कागदावर कुणी बोट ठेवू शकत नाही,’ असं आमचे मोठे साहेब चारचौघांत म्हणायचे, आणि मी वरवर लाजून आतून फुगायचो. त्या फुगण्याचीच ही हकिकत आहे. मी ती बायकोलासुद्धा पुरती सांगितलेली नाही.

बहात्तर सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचं वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही, म्हणून मी ते करत बसत नाही. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती, पाणी टँकरने येत होतं आणि लोक अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी नाक मुरडत खात होते, इतकं पुरे. त्या वर्षी मार्गशीर्षात मला पारनेरकडच्या एका बाजारगावी धाडलं. तिथे शेंगदाणा तेलाची एक गिरणी होती. मालक धंदा बंद करून पुण्याला गेला होता आणि जाताना इमारत गावाला देऊन गेला होता. गावाने तिथे प्रसूतिगृह काढायचं ठरवलं. भिंती होत्या, छप्पर होतं, वीजही होती. प्रश्न एकच होता. गिरणीची जुनी वायरिंग तशीच चालवायची, की सगळी उपसून नवी टाकायची? त्यावर मत द्यायचं होतं, आणि ते मी द्यायचं होतं.

माझ्याबरोबर आमचे मिस्तरी होते. पन्नाशीचे, तिकडच्याच एका खेड्यातले, शाळेचं नाव काढलं की हसणारे. वीज मी पुस्तकात शिकलो होतो, पण तार हातात कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं. तरी ते मला ‘सायेब’ म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची, आणि ती मला कळते हे त्यांनाही माहीत होतं.

गिरणीचं दार उघडलं तर आत भर दिवसा काळोख. चोरीच्या भीतीने मालकाने खिडक्या ठेवल्याच नव्हत्या. छपराजवळ हातभर झरोके, तेवढाच उजेड. भिंती पुरुषभर उंचीपर्यंत तेलाने काळ्या झालेल्या, आणि पेंडीचा खवट वास असा मुरलेला की नाकातून जाता जाईना. त्या काळोखात एक बाई झाडत होती. चाळिशी उलटलेली, काटक, पदर कमरेला खोचलेला. प्रसूतिगृह उघडायच्या आधीच पंचायतीने तिला आया म्हणून नेमलं होतं. घरची थोडी जिराईत होती, पण त्या वर्षी जिराईत असून नसल्यासारखी. गाव तिला मावशी म्हणत होतं, मीही मावशीच म्हटलं.

“तुमीच का लाईटचं सायेब?” तिने झाडू बाजूला ठेवला. “दिवं कधी लागत्याल हितं?”

“बघतो ना आता. तपासायला तर आलोय.”

“बगा, पन बिगीनं बगा.” मग काही न विचारता ती सांगायला लागली, जसं आपण डॉक्टरला सांगतो. “थोरली ल्येक गेली माजी गेल्या साली, बाळंतपनात. उशाला कंदील हुता. सुईन म्हनली, समदं नीट हाय. खाली रगत किती जातंय ते कुनाला दिसलंच न्हाई. उजाडल्यावर गोधडी उचलली, तवा कळलं.” तिने वर बघितलं, जिथे एक बल्ब नसलेला होल्डर लोंबत होता. “आता धाकटी आलीया म्हायेराला. सातवा लागलाय. मी तिला सांगून ठिवलंय, तू हितंच व्हनार, दिव्याखाली.”

सातवा महिना. म्हणजे दोन महिने हातात. त्या क्षणापासून मला वायरिंगकडे नीट बघता आलं नाही, असं आज म्हणायला सोपं आहे. पण ते खरं नाही. नीट बघितलं, आणि जे दिसायचं ते सगळं दिसलं.

मिस्तरींनी शिडी लावली. भिंतीवरून सागवानी पट्टीतून तारा नेलेल्या होत्या, जुन्या पद्धतीच्या, तांब्याच्या तारेवर रबर आणि वर सुती विणकाम. त्यांनी पट्टीचं झाकण काढलं आणि तार दोन बोटांत धरून वाकवली. वरचं विणकाम फाटलं आणि आतलं रबर शेंगदाण्याच्या फोलपटासारखं झडून खाली पडलं. आत तांबं उघडं.

“बगितलं?” ते शिडीवरूनच म्हणाले. “त्याल रबराला खातं सायेब. धा-बारा वरसं ह्यो वाफारा खाल्लाय ह्या तारांनी. समदं काढावं लागंल.”

“थांबा. मेगर लावू.”

मेगर म्हणजे वायरिंगचं आवरण तपासायचं यंत्र. पेटीला दांडा असतो, तो हाताने फिरवायचा. आवरणातून वीज झिरपत असेल तर काटा शून्याकडे येतो, नसेल तर दुसऱ्या टोकाला जातो. त्या टोकाला इंग्रजी आठ आडवा झोपवावा तशी खूण असते. अमर्याद. मी दांडा फिरवला. काटा गेला तो थेट त्या आडव्या आठापाशी जाऊन थांबला. दुसऱ्या सर्किटवर लावलं, तेच. तिसऱ्यावर, तेच. माझ्या उभ्या नोकरीत नव्या कोऱ्या इमारतीतसुद्धा इतकं सुरेख रीडिंग मी घेतलं नव्हतं. मी मिस्तरींकडे विजयाने बघितलं.

ते शिडीवरून उतरले, हात पंचाला पुसले आणि म्हणाले, “यंत्राला काय दुस्काळ कळतोय व्हय?”

“म्हणजे?”

“दोन वरसं ह्या भिताडाला पान्याचा थेंब लागल्याला न्हाई. हाडासारखी कोरडी ठाक झालीया. आज नागडी तार खिळ्यानं ठोका हिच्यावर, तरी तुमचा काटा हलायचा न्हाई. पानी पडू द्या, भिताड ओली हुं द्या, मंग फिरवा दांडा.”

हे मला कळत नव्हतं का? शाळकरी पोराला कळेल इतकी साधी गोष्ट. ओल असेल तर वीज झिरपते, नसेल तर नाही. त्या साली सगळा जिल्हा कोरडा होता, म्हणून गिरणी पास झाली. आमच्या खात्यात त्या हिवाळ्यात अशा किती जुन्या वायरिंग पास झाल्या असतील कोण जाणे. यंत्र खरं बोलत होतं, आणि ते खरं बोलणं मला सोयीचं होतं.

दुपारी आम्ही बाहेर लिंबाच्या झाडाखाली भाकरी सोडली. झाडाला सावली अशी नव्हतीच. मी मिस्तरींना दिवसांचं गणित सांगितलं. ‘वायरिंग बदला’ असं मी लिहिलं की अंदाजपत्रक करायचं, ते वर जायचं, मंजुरी खाली यायची, मग वायरीची मागणी. वायरीची टंचाई होती. सगळं सुरळीत झालं तरी वर्षाच्या आत दिवा लागत नाही. तोवर त्या बाईच्या लेकीचं काय? गावातल्या आणखी वीस-पंचवीस बायकांचं काय? खडी फोडता फोडता कळा सुरू झालेली एक बाई मी स्वतः बैलगाडीत जाताना पाहिली होती.

मिस्तरी भाकरी चावत ऐकत होते. मग म्हणाले, “मंग येकच दिवा लावू की.”

“एक दिवा?”

“माज्या पिसवीत पंधरा-ईस हात नवी वायर हाय. मेनपासनं खाटंपोतर सरळ न्हेतो. येक बटन, येक दिवा, बाळंतिनीच्या डोक्यावर. बाकी जुनं समदं तोडून टाकतो आजच्या आज. दिवा बी लागला आन् कुनाच्या जिवाला घोर न्हाई. सांजच्या आत करून देतो.”

पंधरा-वीस हात वायर. ती समोर पिशवीत होती, तिचं काळं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. एका संध्याकाळचं काम. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “मिस्तरी, असं करता येत नाही.”

का करता येत नाही ते मी त्यांना समजावून सांगितलं, तेही अगदी सबुरीने, जसं अडाण्याला सांगतात. अर्धं नवं टाकायचं म्हणजे उरलेलं खराब आहे असं आपणच लिहून द्यायचं. खराब आहे असं लिहिलं की इमारत वापरायला परवानगी नाही. परवानगी नाही म्हणजे तो एक दिवाही नाही. कागदावर दोनच गोष्टी बसतात, सगळं चांगलं किंवा सगळं वाईट. मिस्तरींनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. “मला कागदातलं न्हाई कळत,” एवढंच म्हणाले आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं म्हणून पंचाने पुसून घेतलं.

मला मात्र तेवढ्यात एक युक्ती सुचली होती, आणि त्या युक्तीवर मी जाम खूष झालो. वायरिंग तशीच ठेवायची, पण अर्थिंग नवं करायचं. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरुषभर खड्डा घेऊन त्यात धातूची पट्टी पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात आणि तिथून तार आणून दिव्यांच्या, यंत्रांच्या लोखंडी भागांना जोडतात. कुठे वीज झिरपलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेने जमिनीत जाते. पण त्याला एक अट असते. खड्डा ओला हवा. कोरडा खड्डा म्हणजे नुसता खड्डा. म्हणून त्यात पाणी ओतत राहावं लागतं. अंगणात सगळा खडक होता, म्हणून खड्डा मागच्या पडवीत, छपराखाली घ्यायचं ठरलं. तिथे निदान माती होती.

रिपोर्ट मी त्याच दिवशी लिहिला. अजून पाठ आहे. ‘सद्य वायरिंगची चाचणी समाधानकारक. संपूर्ण बदलण्याची तूर्त आवश्यकता दिसत नाही. तथापि नवीन अर्थिंग करून घ्यावे व सदर खड्ड्यात रोज एक बादली पाणी न चुकता ओतण्याच्या अटीवर इमारत वापरास योग्य.’ ती अट लिहिली तेव्हा मला वाटलं, सगळ्यांचं भलं झालं. बाईला दिवा मिळाला, गावाला प्रसूतिगृह मिळालं आणि धोक्याचाही बंदोबस्त झाला. आमच्या घरात तीन पिढ्या हेच करत आल्या होत्या. कागदावर अट घातली की ती पाळली गेली असं आम्ही मनापासून धरून चालतो.

एस.टी.त बसल्यावर मी तो मिस्तरींना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, “पानी कोन वतनार?”

“आया ओतेल. लिहिलंय ना तसं.”

“बादलीभर?”

“रोज.”

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर रिकाम्या घागरींची रांग लागली होती आणि टँकर आलेला नव्हता.

माघात प्रसूतिगृह उघडलं. नारळ फुटला, साखर वाटली. फाल्गुनात मावशीच्या लेकीला मुलगा झाला, दिव्याखाली. दोघं सुखरूप. ही बातमी तिथल्या नर्सबाईंनी आमच्या ऑफिसात फोन करून मुद्दाम मला कळवली, कारण मावशीने त्यांच्यामागे धोसराच लावला होता. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. मोठ्या साहेबांनी पेढा खात पाठ थोपटली. मी खरंच आनंदात होतो, तो आनंद खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो आठवला की मला आज स्वतःची सगळ्यात जास्त चीड येते.

चैत्रात तपासणीला गेलो. आत दोन खाटांवर दोन बाळंतिणी, वर लखलखीत दिवे, चुना दिलेल्या भिंती. तेलाचा वास अजून होता पण फिनेलखाली दबलेला. मावशीने नातू आणून दाखवला. मी त्याच्या मुठीत बोट दिलं. मग मागच्या पडवीत गेलो आणि खड्ड्यावरची फरशी सरकवली. कोळसा भुगा होऊन बसला होता. हात घातला तर वर राखेसारखी धूळ उडाली.

“मावशी, पाणी ओतता ना रोज?”

“न्हाई वतत.” तिने ते लपवलंसुद्धा नाही.

“अहो, का? सांगितलं होतं ना!”

“सायेब, टँकर दोन दिसांनी येतोय. हितल्या वाट्याला चार बादल्या. बाळंतिनीला धुवाय पानी लागतं, पोराला लागतं, त्या सुया उकळाया लागतं. आन् मी भरली बादली उचलून भुईत वतू? कुनी बघितलं तर याड लागलं म्हनत्याल मला.” मग माझं तोंड उतरलेलं बघून तिलाच वाईट वाटलं. “तुमी नका काळजी करू. दिवं झकास लागत्यात.”

मला उत्तर सुचलं नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. उत्तर होतं. मग दिवे बंद करा, असं ते उत्तर होतं. किंवा मिस्तरींना बोलवा आणि ती पंधरा-वीस हात वायर लावा. पण तसं म्हटलं तर माझाच रिपोर्ट चुकीचा ठरत होता, आणि माझ्या कागदावर बोट ठेवणारा पहिला माणूस मीच होत होतो. मी फरशी परत सरकवली. आत जाऊन नर्सबाईंची वही मागितली आणि त्यात लिहिलं, ‘खड्ड्यात नियमित पाणी ओतण्याबाबत आयास पुन्हा समज दिली.’ खाली सही, तारीख. मावशीने मला जाताना बिनदुधाचा चहा दिला. तो त्या चार बादल्यांतलाच होता.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. गिरणीच्या भिंती आता ओल धरत असतील, हे मनात आलं नाही असं नाही. आलं. एकदा जाऊन यावं असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा दुसरं काम निघालं. कामं काय, काढली की निघतात.

श्रावणात झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. कौलं जुनी, कुठे कुठे गळत होती, आणि पाणी भिंतीवरून त्या सागवानी पट्ट्यांमध्ये उतरत होतं. त्या दुपारी एक बाई अडली होती. झरोक्यांतून येणारा उजेड पुरत नव्हता, म्हणून नर्सबाईंनी लोखंडी उभ्या दांड्याचा दिवा लावला. तो पंचायतीने मागाहून आणला होता, जोडणी मात्र भिंतीवरच्या जुन्याच तारांना. आता पाणी मुबलक होतं, म्हणून मावशीने नुकतीच सगळी फरशी धुऊन काढली होती. नर्सबाई म्हणाल्या, “दिवा जरा अलीकडे घ्या हो.” मावशी अनवाणी, ओल्या फरशीवर. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि तिला तो सोडता आला नाही. नर्सबाई मेन बंद करायला धावल्या, मेन दारापाशी होता. तेवढा वेळ जीव जायला पुरला. ती अडलेली बाई पुढे अर्ध्या तासात बाळंत झाली. खाट ओढत दाराच्या उजेडात आणली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्तरी गेलो. अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं होतं. पडवीत, छपराखाली, त्या पाण्यापासून चार हातांवर आमचा खड्डा कोरडा होता. पाण्याचे दिवस आले तरी खड्ड्यात पाणी ओतायचं असतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं. लक्षात राहील कसं? ते कधी घडलंच नव्हतं. मिस्तरींनी मेगर लावला आणि दांडा माझ्याकडे न देता स्वतःच फिरवला. काटा शून्यावर पडला आणि पडून राहिला. मी वाट बघत होतो की ते काहीतरी बोलतील. निदान शिवी देतील. त्यांनी तारा गुंडाळल्या, पेटी बंद केली आणि बाहेर जाऊन पावसात उभे राहिले.

ज्या वायरीची टंचाई होती ती आठ दिवसांत आली. मंजुरी फोनवर मिळाली. सगळी वायरिंग उपसून नवी टाकली गेली, पडवीतला खड्डा बुजवून दुसरा उघड्यावर खडक फोडून घेतला. मिस्तरींनी ते काम शेवटचं केलं आणि आमची नोकरी सोडून नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात लागले. पुढे दोन-तीनदा मला तिथल्या चौकात भेटले. चहा घेतला, माझ्या मुलांची चौकशी केली. गिरणीचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला तो काढायचा धीर झाला नाही.

चौकशी झाली ती मिस्तरी नोकरीत असतानाच. मोठे साहेब स्वतः आले होते. जबाब लिहून घ्यायला मीच, कारण माझ्याइतकं नेटकं दुसरं कोण लिहिणार? मिस्तरी त्या पंधरा-वीस हात वायरीचं सांगायला लागले तेव्हा साहेब म्हणाले, “विचारलं तेवढंच सांगा,” आणि मी तेवढंच लिहिलं. मग माझा रिपोर्ट काढला, त्यातली अट काढली, नर्सबाईंच्या वहीतली माझी सूचना काढली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त एकाच गोष्टीचा पुरावा हवा होता, की ती अट पाळली गेली नाही. त्यासाठी मावशीच्या लेकीला बोलावलं.

ती सहा महिन्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन खाली बसली. खुर्ची दिली तरी बसली नाही. साहेबांनी विचारलं, “तुमची आई त्या खड्ड्यात रोज पाणी ओतत होती का?”

तिने मान वर केली. तिला वाटलं, आईच्या चांगुलपणाबद्दल विचारताहेत. “न्हाई सायेब,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता, तो मला आजही ऐकू येतो. “आई कदी पानी वाया घालवायची न्हाई. खड्ड्याची बादली हुती ना, ती तिनं बाळंतिनींना दिली. समद्यांना. मला बी न्हाऊ घातलं त्याच पान्यानं. ह्याला बी.” तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. “गावात कुनालाबी इचारा.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं, ‘सदर खड्ड्यात पाणी ओतले जात नव्हते, असे मयताच्या मुलीने स्वखुशीने सांगितले.’ एकच ओळ. अक्षर नेहमीसारखं सुरेख. त्या ओळीवर चौकशी संपली. अपघात मयताच्या हयगयीमुळे, आणि माझ्यावर ताशेरासुद्धा नाही.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी शाईची डबी घेऊन तिच्याजवळ खाली बसलो आणि तिचा अंगठा धरला. तो कागदावर टेकवायच्या आधी तिने हळूच विचारलं, “दादा, आईनं पानी कुनाला दिलं, त्ये लिवलंय न्हवं?”

“लिहिलंय,” मी म्हणालो.

मग तिने अंगठा दाबला.